खारदुंग ला ओलांडून घरी

पहाटे ५.००

बॉनेट उघडं आहे आणि दादाचे दोन्ही हात कोपरापर्यंत आत आहेत. कूलंट, ब्रेक ऑइल, बेल्ट. मग बॅटरी घेऊन चारी टायरांभोवती एक फेरी. जून महिना आहे, पण लेहमध्ये या वेळेला खिशातून हात बाहेर काढवत नाहीत. त्याने मात्र हातमोजेही घातलेले नाहीत. घातले तर बोटांना नट कळत नाही, म्हणतो.

लेहच्या स्कारा भागातली ही त्याची भाड्याची खोली. घर तिकडे नुब्रात, हुंदर गावी, खारदुंग ला खिंडीच्या पलीकडे सव्वाशे किलोमीटरवर. मे ते सप्टेंबर त्याला लेहमध्ये राहावंच लागतं, कारण गिऱ्हाईक लेहच्या विमानतळावर उतरतं. पँगाँगचं भाडं लागलं की रात्र तिकडे, कारगिलचं लागलं की कारगिलला. नुब्राचं लागलं की मात्र स्वतःच्या घरी, स्वतःच्या अंथरुणात. आज नुब्राचं आहे. म्हणूनच डिकीत, प्रवाशांच्या बॅगांची जागा सोडून, तांदळाची एक पिशवी, आईची औषधं आणि मुलीच्या वह्या आधीच जाऊन बसल्या आहेत.

त्याला नाव आहेच, पण ते इथे देत नाही. प्रवासी 'भैया' म्हणतात, स्टँडवरची लडाखी पोरं 'अच्चो', म्हणजे मोठा भाऊ. मी 'दादा' म्हणते. पंचेचाळिशीचा माणूस, कमी बोलणारा. 'तुमच्याबरोबर एक दिवस काढायचाय, सकाळपासून झोपेपर्यंत,' असं म्हटलं तेव्हा त्याने एकच विचारलं होतं: "घाटात उलटी होते का तुम्हाला?"

डिकीत आणखी एक कोपरा त्याच्या संसाराचा. फावडं, गाडी ओढायची वायररोप, चाकाखाली सारायला दोन लाकडी ठोकळे, जास्तीची स्टेपनी, छोटा ऑक्सिजन सिलिंडर, प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा गठ्ठा. हिवाळ्यात यात टायरच्या साखळ्या येतात. पूर्वी हिवाळ्यात टाकीतलं डिझेल गोठायचं आणि सकाळी टाकीखाली स्टोव्ह पेटवून ते पातळ करावं लागायचं. २०१९ पासून लडाखसाठी खास हिवाळी डिझेल मिळू लागलं, जे उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहतं. डिझेलच्या टाकीखाली जाळ करण्याची गोष्ट तो आपण गिझर लावल्याची सांगावी तशी सांगतो.

आता थर्मासमधला गुरगुर चहा. लोणी आणि मीठ घातलेला हा चहा पहिल्या घोटाला सूप वाटतो, दुसऱ्याला औषध. तिसऱ्यानंतर मात्र कळतं की इथल्या कोरड्या थंडीत साखरेच्या चहाने भागणार नाही. बरोबर खंबीर, म्हणजे जाड, खरपूस भाजलेली गव्हाची रोटी. पाच मिनिटांत उरकून तो गाडी काढतो.

६.१५

हॉटेलच्या दारात आम्ही आहोत, प्रवासी नाहीत.

कोथरूडचं कुटुंब आहे. काका-काकू, मुलगा, सून आणि चौथी-पाचवीतला नातू. रात्री फोनवर सहाची वेळ ठरली होती. आत्ता सूनबाई शाल गुंडाळून व्हरांड्यात येते. "भैया, नाश्ता साडेसातला सुरू होतो. आठला निघालो तर नाही का चालणार? सुट्टीवर आलोय हो आम्ही."

"आठला निघालात तर खिंडीत साडेदहा," दादा हिंदीत सांगतो. आवाज अजिबात चढत नाही. "साडेदहाला अर्धं लेह तिथे असतं. आणि पलीकडे पाणी सुरू होतं."

हे पाणी म्हणजे काय, ते या रस्त्याचं खरं गणित आहे. लडाखच्या डोंगरात रात्री सगळं थिजतं. नाले आखडतात, कड्यावरचे दगड बर्फाने जागच्या जागी जखडलेले राहतात, रस्त्यावरचा चिखल दगडासारखा टणक होतो. ऊन वर आलं की दहा-अकराच्या सुमाराला वितळणं सुरू होतं. वर वितळलेलं पाणी खाली रस्त्यापर्यंत पोचायला वेळ लागतो, म्हणून दुपारी दोन ते पाच ही नाल्यांची ऐन भराची वेळ. सकाळी ज्यातून सायकल जाईल त्यातून संध्याकाळी जीप जात नाही. पँगाँगच्या वाटेवर तर एका नाल्याचं नावच 'पागल नाला' आहे. बर्फ सुटलं की त्याने धरलेले दगडही सुटतात. दुपारनंतर दरीत वारा उठतो, खिंडीवर ढग जमतात. म्हणजे निघायची वेळ ही ड्रायव्हरची हौस नव्हे, ती डोंगरानेच लावलेली आहे. पुण्या-मुंबईत बसून छापलेल्या सहलीच्या तक्त्यात मात्र 'नाश्त्यानंतर प्रस्थान' असंच लिहिलेलं असतं.

शेवटी सात वाजता पोह्यांचे डबे भरून घ्यायचं ठरतं. होय, पोहे. उन्हाळ्यात मराठी माणूस लेहमध्ये इतका असतो की हॉटेलातल्या आचाऱ्यांनी पोहे शिकून घेतले आहेत. मोहरी जळते, पण ठीक आहे.

दरम्यान दादा काकांना आपला नेहमीचा पहिला प्रश्न विचारतो. "अंकलजी, लेहमध्ये किती रात्री झाल्या?"

"दोन. आज तिसरा दिवस."

तो मान डोलावतो. एकच रात्र झाली असती तर हाच माणूस निघायला खळखळ करणार होता, हे मला स्टँडवर आधीच कळलं होतं. लेह ३,५०० मीटरवर आहे. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. त्याच्या दुपटीहून अधिक उंचीवर विमान आपल्याला एक पाऊलही न चढवता आणून सोडतं, आणि शरीराला याचा पत्ता लागायला वेळ जातो. काका खिशातून कापराची पुरचुंडी काढून दाखवतात. दादा ती हुंगतो, छान आहे म्हणतो आणि विचारतो, "पाणी किती प्यायलात?" कापराने नाक मोकळं वाटतं एवढंच, हवेतला ऑक्सिजन त्याने वाढत नाही. हे तो कोणाला तोंडावर सांगत नाही.

७.१०

बसण्याची व्यवस्था हा दहा मिनिटांचा कार्यक्रम होतो. काकांना पुढे बसायचंय, कॅमेरा आहे. नातवालाही पुढेच बसायचंय. दादा काकूंकडे बघतो. "माताजी, आपण पुढे."

"अहो, मी कशाला? मला कुठे फोटो काढायचेत?"

पण महाबळेश्वरला जाताना पसरणीच्या घाटात कोणाला त्रास होतो, हे त्याने दोन वाक्यांत काढून घेतलं होतं. गाडीत जागा वयाने किंवा हौसेने द्यायची नाही, पोटाने द्यायची, हा त्याचा नियम. काका मधल्या रांगेत खिडकीशी, मुलगा आणि मी त्यांच्या शेजारी. सूनबाई आणि नातू मागे. काका अर्धा तास गप्प राहतात. मग वळणावर खाली लेहचं हिरवं खोरं, पॉप्लरच्या रांगा, मातकट घरं आणि त्यापलीकडे सिंधूचा पट्टा आणि स्तोक कांगरीची रांग एकदम उघडते, आणि ते रुसलेले होते हे त्यांचं त्यांनाच आठवत नाही.

८.००

साउथ पुलू. चेकपोस्टवर कागद दाखवायचे, नोंद करायची. लेहपासून चोवीस किलोमीटर झाले. इथवर गुळगुळीत डांबर, इथून पुढे भरवसा नाही. डांबर केलं तरी हिवाळ्यात भेगांत पाणी शिरतं, गोठून फुगतं आणि रस्ता उखडतं. सीमा सडक संघटनेचा 'हिमांक' प्रकल्प १९८५ पासून लडाखचे हे रस्ते सांभाळतो आहे, आणि दर उन्हाळ्यात तोच रस्ता जवळपास नव्याने करतो.

करणारे हात कोणाचे, ते वळणावळणावर दिसतं. तोंडाला फडकं, डोळ्यांना काळा चष्मा, हातात घमेलं. झारखंडच्या दुमका भागातून येणारे मजूर. ज्यांच्या गावी उन्हाळा चाळिशीच्या वर जातो ते इथे सतरा हजार फुटांवर डांबर उकळतात. दादा त्यांच्यापाशी आला की वेग कमी करतो, म्हणजे धूळ उडत नाही. काकूंनी दिलेला बाकरवडीचा पुडा तो खिडकीतून एकाच्या हातात ठेवतो. मागची गाडी हॉर्न देते. तो तिच्याकडे बघतही नाही.

वर चढताना समोरून लष्कराचा ताफा उतरतो आहे. सियाचीनकडे जाणारी-येणारी रसद याच वाटेने जाते. रस्ता १९७६ मध्ये बांधला गेला, सर्वसामान्यांच्या वाहनांना खुला झाला १९८८ मध्ये. मधली बारा वर्षं तो फक्त फौजेचा होता. आजही ताफा आला की बाकीच्यांनी कडेला व्हायचं. एरवी घाटातला नियम आपल्यासारखाच: चढणाऱ्याला वाट द्यायची. दादा डोंगराच्या बाजूला, सावलीत गाडी दाबतो. सावलीत का? "उन्हातला दगड सुटतो. सावलीतला अजून झोपलाय."

एका ट्रकमधून हसरा चेहरा ओरडतो, "पुणं का?" काका उडी मारल्यागत, "कोथरूड! तुम्ही?" "सातारा!" एवढ्यात ट्रक वळणाआड. काकांचे डोळे भरून येतात, काकूंचेही. दादा गिअर टाकतो. त्याला हा प्रसंग ठाऊक आहे; मराठी प्रवासी असले की तो होतोच.

९.२०

खारदुंग ला.

गाडी थांबायच्या आधी दादा काच खाली करतो आणि मोठ्याने म्हणतो, "की की सो सो, ल्हार ग्यालो!" देवांचा जय असो. खिंड ओलांडताना लडाखी बौद्ध माणूस हे म्हणतो, मग तो पायी असो की इनोव्हात. पताकांची दाटी इतकी की खालचा खडक दिसत नाही. पिवळ्या पाटीसमोर फोटोची रांग लागली आहे. अजून साडेनऊही वाजायचेत म्हणून ती तीस-चाळीस माणसांचीच.

पाटीवरच्या आकड्याबद्दल एक सांगायला हवं. अनेक वर्षं इथे १८,३८० फूट लिहिलेलं होतं आणि 'जगातला सर्वांत उंच मोटाररस्ता' म्हणून लोक टीशर्ट विकत घ्यायचे. उपग्रहाच्या मदतीने केलेल्या मोजणीत ही उंची ५,३५९ मीटर, म्हणजे सुमारे १७,५८२ फूट भरते. शिवाय २०२१ मध्ये लडाखमधल्याच १९,०२४ फुटांवरच्या उमलिंग लाच्या रस्त्याची गिनेसमध्ये नोंद झाली. तरी टीशर्टचा धंदा चालू आहे. चालू दे. साडेसतरा हजार फूट म्हणजे काही कमी नाही. हवेचा दाब इथे समुद्रकाठच्या जवळपास निम्मा असतो. नातवाच्या हातातला वेफर्सचा पुडा फुग्यासारखा टम्म झाला आहे, आणि शेजारच्या टपरीत मॅगी शिजता शिजत नाही, कारण पाणी ऐंशीच्या थोडं वरच्या अंशालाच उकळतं.

"पंधरा मिनिटं," दादा सांगतो. "पळायचं नाही. जिना चढायचा नाही."

आणि मग तो जे करतो ते पाहण्यासारखं आहे. तो बॉनेटला टेकून चहा पितो आहे असं दिसतं. प्रत्यक्षात तो पाच माणसं मोजतो आहे. ओठांचा रंग. चालताना झोक जातो का. कोण एकदम फार हसायला लागलं. कोण एकदम गप्प झालं. डोकं थोडं दुखणं वेगळं. बोलणं अडखळायला लागलं की फोटो, मॅगी सगळं सोडून गाडी खाली न्यायची, याला दुसरं औषध नाही. सिलिंडर दिलासा देतो, पण उतार हाच खरा उपाय. मुलगा पताकांच्या टेकाडाकडे निघालेला असतो. दादा त्याच्या दंडाला हलकेच धरून परत आणतो. "साहेब, वरचा फोटो खालून पण चांगला येतो."

तेराव्या मिनिटाला काकू म्हणतात, "मला जरा गरगरतंय." चौदाव्याला आम्ही गाडीत.

१०.००

उतार. काकांना वाटतं, आता सोपं.

"चढताना इंजिन दमतं, उतरताना ब्रेक," दादा म्हणतो. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं, ही त्याला त्याच्या वडिलांच्या वयाच्या एका ट्रक ड्रायव्हरने दिलेली शिकवण. पाय ब्रेकवर ठेवून उतरणाऱ्या मैदानी गाड्यांच्या चाकांचा जळका वास उत्तरेकडच्या या उतारावर नेहमी येतो. हा उतार सावलीचा, म्हणून बर्फ जास्त, चिखल जास्त. उजवीकडे खडकात हिमनदीची राखाडी जीभ दिसते. दादा पोर होता तेव्हा ती कुठवर यायची हे तो हाताने दाखवतो. हात बराच खाली जातो.

नॉर्थ पुलूच्या अलीकडे एक मोटरसायकल आडवी पडलेली. एम.एच. बारा. स्वाराचं ढोपर खरचटलंय, मोठं काही नाही. बर्फाळ पाण्यावर पुढचा ब्रेक दाबला होता. दादा उतरतो, गाडी उभी करतो, क्लचचा वाकलेला दांडा पायाने सरळ करतो, आणि त्या पोराला दोन वाक्यं ऐकवतो. "पाण्यात ब्रेक नाही. पहिला गिअर, पाय वर, नजर पलीकडे." पुढच्याच नाल्याला तो स्वतः तेच करतो. पाणी अजून घोट्याएवढं आहे, स्वच्छ आहे, तळातले गोटे दिसताहेत.

"चारला परत आलात," तो मला म्हणतो, "तर हे गोटे दिसणार नाहीत."

११.३०

खारदुंग गाव, जेवण. प्रवासी बाहेर उन्हात राजमा-भात खातात, ड्रायव्हर आत चुलीजवळ थुक्पा ओरपतात. मी आत. इथे जी बातमीपत्रं चालतात ती कुठल्याही ॲपवर नाहीत. खालसरच्या पुढे दगड आलेत, एक बाजू चालू आहे. तुर्तुककडे पूल ठीक. अमुक वळणावर पाणी कालच्यापेक्षा जास्त. बाहेरचे प्रीपेड फोन लडाखमध्ये चालत नाहीत, आणि पोस्टपेडचीही या पट्ट्यात खात्री नाही. त्यामुळे समोरून आलेला ड्रायव्हर हाच खरा रस्त्याचा नकाशा. घाटात काच खाली करून दोन शब्द बोलणाऱ्या टॅक्सीवाल्यांमागे प्रवासी चडफडतात. त्या दोन शब्दांवरच त्यांचा पुढचा तास ठरत असतो.

दर युनियन ठरवते, बाहेरच्या भाड्याच्या गाडीला इथे फिरवायला बंदी आहे, आणि पाच महिन्यांत बारा महिन्यांचं कमवायचं असतं. जेवणाच्या बाकावर सगळ्यात जास्त चर्चा गाडीच्या हप्त्याची. ती ऐकायला मजा नाही. सोडून देते.

१२.४५

आता रस्ता श्योकच्या दरीत घसरत जातो आणि गाडीतली बडबड थांबते.

नुब्राची ही उतरण नीट पाहायची तर घाई नको. वर बर्फ, मध्ये मातीचे उभे कडे, तपकिरी, जांभळे, कुठे गंधकासारखे पिवळट. एक झाड नाही. मग फार खाली एक करडी नदी, एवढ्या रुंद पात्रात की ती नदी आहे की वेण्या सुटलेल्या केसांचा पसारा, कळत नाही. तिच्या काठाला पत्त्याएवढे हिरवे तुकडे: सातू, वाटाणा, विलो. या हिरव्याची कड सुरीने कापल्यासारखी सरळ असते, कारण पाटाचं पाणी जिथे संपतं तिथे हिरवं संपतं. मधलं काही नाहीच.

नातू विचारतो, "पाऊस का नाही पडत इथे?" त्याचा बाप सांगायला लागतो आणि बरोबर सांगतो: आपल्याकडून निघालेले ढग हिमालयाच्या दक्षिण उतारावरच रिते होतात, पलीकडे पोचतात ते कोरडे वारे. लेहला वर्षाला सरासरी दहा सेंटिमीटरच्या आसपास पाऊस-बर्फ मिळून पडतं. महाबळेश्वरला आषाढातल्या एका दिवसात याहून जास्त कोसळतो. म्हणून हे वाळवंट आहे, थंड असलं तरी वाळवंटच. आणि म्हणूनच जेव्हा ढग चुकून आत येतात तेव्हा या उघड्या मातीला पाऊस झेलता येत नाही. ऑगस्ट २०१० मध्ये लेहवर एका रात्रीत ढगफुटी झाली आणि दोनशेहून अधिक माणसं गेली. दादा त्या रात्री हुंदरला होता. एवढंच सांगतो, पुढे नाही.

वाटेत मणी-भिंत लागते, मंत्र कोरलेल्या दगडांची. रस्ता तिच्या दोन्ही बाजूंनी जातो. दादा गाडी डावीकडून घेतो, भिंत उजव्या हाताला ठेवून, देवळाला प्रदक्षिणा घालतो तशी. काकूंच्या ते बरोबर लक्षात येतं आणि त्या हात जोडतात.

खालसरला वाट फुटते. उजवीकडे सुमूर-पनामिक, सियाचीनमधून निघालेल्या नुब्रा नदीच्या काठाने. डावीकडे दिस्कित-हुंदर. आम्ही डावीकडे.

२.३०

दिस्कित. लेहनंतरचा पेट्रोल पंप इथे. टाकी भरून घ्यायची, कितीही असो.

चौदाव्या शतकातला गोंपा, म्हणजे बौद्ध मठ, डोंगराला चिकटलेला आहे, आणि खाली टेकाडावर बत्तीस मीटर उंच मैत्रेय बुद्ध श्योकच्या खोऱ्याकडे, पाकिस्तानच्या दिशेला तोंड करून बसला आहे. २०१० मध्ये दलाई लामांनी त्याची प्रतिष्ठापना केली. कुटुंब पाहायला जातं. दादा जात नाही. तो सीट मागे टाकतो, टोपी डोळ्यांवर ओढतो आणि वीस मिनिटं झोपतो. पुतळ्यापेक्षा मला ही झोप जास्त महत्त्वाची वाटते, आणि का ते पुढे येईल.

४.००

हुंदरचे वाळूचे ढिगारे. तीन हजार मीटरवर, बर्फाच्या डोंगरांखाली, राखाडी-पांढरी वाळू. ही काही समुद्राची देणगी नाही. उन्हाळ्यात फुगलेली श्योक गाळ पसरते, ओसरली की तो उघडा पडतो आणि दुपारचा वारा तो उचलून एका जागी रचत राहतो. वाळूच्या कडेला त्सेस्तालुलूची काटेरी झुडपं. त्यांच्या नारिंगी फळांचा रस लेहच्या दुकानांत बाटलीतून मिळतो.

दोन वशिंडांचे उंट वाट बघत बसलेत. यारकंदचे काफिले काराकोरम खिंड ओलांडून नुब्रामार्गे लेहला यायचे, तेव्हाच्या उंटांचे हे वंशज. विसाव्या शतकाच्या मध्यावर सीमा बंद झाली, व्यापार संपला, उंट राहिले. आता ते पर्यटकांना गोल फिरवून आणतात. काका चढतात, काकू चढत नाहीत. "त्यांनी खूप वाहिलंय आधीच," त्या म्हणतात. मला काकू पटतात.

सहाच्या आधी वारा सुटतो आणि वाळू दातांत येते. दादा पाच वाजताच काचा बंद करून गाडी तयार ठेवून बसला होता.

६.१५

तंबूंच्या मुक्कामावर कुटुंबाला उतरवून उद्याचं बोलणं. त्यांना तुर्तुक पाहायचंय, १९७१ च्या युद्धात भारतात आलेलं बाल्टी लोकांचं गाव, इथून पुढे ऐंशी किलोमीटर. "जाऊन येऊन त्याच दिवशी लेह गाठू ना?" मुलगा विचारतो.

"नाही. दुपारी खिंड चढायची नाही. तुर्तुक करा, परवा सकाळी सहाला लेह."

मुलगा सूनबाईकडे बघतो. सूनबाई दादाकडे बघून म्हणते, "सहाला. डबा रात्रीच भरून ठेवते."

७.००

गावातली गल्ली, दोन्ही बाजूंना हिरव्या कच्च्या जर्दाळूंनी लगडलेली झाडं. आई अंगणात जपमाळ घेऊन बसली आहे. तो वाकतो, ती त्याच्या कपाळाला कपाळ टेकवते. वह्या मुलीने डिकीतून आधीच पळवल्या.

चहा होण्याआधी तो बूट काढतो, पँट दुमडतो आणि फावडं घेऊन मागे शेताकडे जातो. तेच फावडं, डिकीतलं. आज त्यांची पाण्याची पाळी आहे. गावात पाणी वाटायला चुरपोन नेमलेला असतो. कोणाच्या शेतात कधी आणि किती वेळ, ते तो ठरवतो. डोंगरावरचं वितळलेलं पाणी गावाच्या पाटात संध्याकाळी भरून येतं. आत्ता ते येतंय, गढूळ, बर्फगार, खळाळत. सकाळपासून ज्या पाण्याच्या आधी निसटायची त्याची धडपड चालली होती, त्याच जातीच्या पाण्याची आता तो सातूच्या वाफ्याशी वाट बघत उभा आहे. माती सरकवतो, बांध फोडतो, पाणी वाफ्यात शिरतं. पुढचा तासभर त्याला माझी गरज नसते आणि मीही बोलत नाही.

रात्री ९.००

स्क्यू, म्हणजे कणकेचे चपटे गोळे आणि भाज्या घालून शिजवलेला दाट रस्सा. मग अंथरूण. पडल्यापडल्या तो एकच गोष्ट सांगतो, ती लिहूनच हा दिवस संपवते. घराबाहेरच्या मुक्कामांवर, विशेषतः तलावांच्या काठी, प्रवाशांना गरम पाण्याच्या पिशव्या मिळतात आणि ड्रायव्हर बऱ्याचदा गाडीत किंवा स्वयंपाकाच्या तंबूत निजतो. थंडीने झोप लागत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच माणूस सहा-सात जणांना घेऊन खिंड चढतो.

तेव्हा लडाखला जाणार असाल तर लेहला दोन रात्री काढा, सहाला म्हणतील तेव्हा सहाला निघा, आणि हॉटेल पक्कं करताना खोलीतून बर्फ दिसतं का हे विचारायच्या आधी, ड्रायव्हरची झोपायची सोय काय, ते विचारा. नसेल तर दुसरं हॉटेल बघा.